पाळकसाहेब आणि ते नाव

दौलत चांदणे पाळकसाहेबांचे पाय बारा महिने सुजलेले असत. रविवारची उपासना संपली की पांढरा झगा खुंटीला अडकवून ते चर्चमागच्या आपल्या घराच्या पडवीत बसत आणि सुशीलाबाई, म्हणजे आमच्या पाळकीणबाई, मीठ टाकलेल्या कोमट पाण्याची बादली त्यांच्यापुढं आणून ठेवत. पाय पाण्यात सोडले की ते डोळे मिटत आणि म्हणत, "दमणं पाप न्हाई." त्यांना पापी कुणी म्हटलेलं नसायचं. तरी दर रविवारी म्हणत. मला वाटतं, ते स्वतःलाच समजावत असावेत.

मी उंब्रजला शाळेत शिक्षिका म्हणून रुजू झाले तेव्हाची ही ओळख. हमरस्त्यावरची गाड्यांची घरघर जिथं जरा कमी होते तिथं, उसाच्या रानाला लागून आमचं पत्र्याचं छोटं चर्च होतं. मंडळी मूठभर. दोन नर्स, साखर कारखान्यातले काही जण, आम्ही मास्तरलोक आणि गावातली चार-पाच जुनी ख्रिस्ती घरं. पण पाळकसाहेबांच्या वाट्याला एकटं उंब्रज नव्हतं, आसपासच्या गावांत विखुरलेली घरंही होती. एस.टी.नं जायचं, फाट्यावर उतरायचं आणि पुढं चालायचं. झग्याखाली कायम कॅनव्हासचे बूट, कारण दुसरे बूट पायांना मानवतच नसत. माणूस मूळचा जतकडचा, कोरड्या मुलखातला. व्यासपीठावर उभे राहिले की भाषा स्वच्छ इस्त्री केलेली आणि खाली उतरले की थेट गावाकडची.

कुणीही भेटलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. नाव विचारायचे आणि लगेच पुढं, "कुणी ठेवलं?"

मलाही विचारलं. मी म्हटलं, "एस्तेर. आजीनं ठेवलं."

"का?"

हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं. त्या संध्याकाळी मी घरी फोन लावला. आई म्हणाली, आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण चर्चमध्ये ऐकलेल्या सगळ्या गोष्टींतली तिला एकच आवडायची, एस्तेर राणीची, राजापुढं न बोलावता जाऊन उभी राहिलेल्या बाईची. पुढच्या रविवारी मी ते पाळकसाहेबांना सांगितलं. त्यांनी मान डोलावली. "मग ऱ्हा की उभी," म्हणाले, "अशी खांदे पाडून काय चालतीस?" बाकी सगळे मला टीचर म्हणत, पण ते कधीच म्हणाले नाहीत. गावभर 'शाम्या' म्हणून ओळखला जाणारा रिक्षावाला त्यांच्या तोंडी कायम 'शमुवेल'च असायचा. तो ओशाळायचा, पण त्यांच्यासमोर दोन्ही हात जोडून उभा राहायचा.

त्यांची आणखी एक सवय होती आणि तिच्यावरून मंडळीत कुरबूर चालायची. प्रार्थना करताना ते सगळ्यांसारखंच बोलत जात. आजाऱ्यांसाठी, परीक्षेला बसलेल्यांसाठी, पावसासाठी. पण अगदी शेवटी, 'येशूच्या नावाने मागतो' असं जिथं म्हणायचं, तिथं येऊन थांबत. थांबत म्हणजे चांगलेच थांबत. मागच्या बाकावरची बाया-माणसं एक डोळा उघडून बघत. ज्यांच्या जिभेवर 'आमेन' येऊन टेकलेलं असे, त्यांना ते पुन्हा गिळावं लागे. मग हळूच, जड काहीतरी उचलल्यासारखं ते नाव त्यांच्या तोंडून बाहेर येई.

कमिटीच्या सेक्रेटरींना हे पटत नसे. एकदा पडवीत, बादलीत पाय असतानाच, त्यांनी विषय काढला. "साहेब, बाहेरचे पाहुणे येतात. त्यांना वाटतं तुम्ही विसरलात. वाक्य पाठ आहे सगळ्यांचं, म्हणून टाकायचं."

"पाठ हाय म्हणूनच थांबतो," पाळकसाहेब म्हणाले.

सेक्रेटरींना काही कळलं नाही. मग पाळकसाहेबांनी पाय बादलीतून काढले, पंच्यानं पुसले आणि सांगितलं, "आवं, तालुक्याला काम असलं की आपण काय करतो? आमक्याचं नाव सांगतो. त्यांनी पाठवलंय म्हणतो. मग साहेब खुर्ची देतो. व्हय का न्हाई? पण ज्याचं नाव सांगतो त्याला इचारलेलं असतं का? त्याला शोभंल असं काम हाय का, ते बघितलेलं असतं का? तसंच हे. त्यानं आपल्याला सांगितलंय, माझं नाव सांगून बापाकडं मागा. लय मोठी मुभा दिलीया. म्हणून मी शेवटाला थांबतो आन् मागं वळून बघतो, मी आत्ता काय काय मागितलं? त्यातलं कशाकशाला त्याचं नाव लावायची लाज वाटंल?"

"आणि लाज वाटली तर?"

"मग मनातल्या मनात खोडतो. म्हणून येळ लागतो."

सेक्रेटरी उठून गेले. पाळकीणबाई आतून म्हणाल्या, "आज फारच खोडलं वाटतं. भात गार झाला." बाईंचा विनोद असाच, भिंतीआडून यायचा. त्या नवऱ्याचं नाव कधी घेत नसत. जुन्या वळणाच्या होत्या. लग्नाकार्यात बायका उखाण्याचा आग्रह करत तेव्हा म्हणत, "अख्खी मंडळी त्यांना हाका मारतीया, त्यात माझी एक कशाला?"

त्याच पडवीत मी मायाप्पाला पहिल्यांदा पाहिलं. दिवाळीनंतर माण तालुक्याकडून धनगर मेंढरं घेऊन येतात. पिकं निघालेल्या रानांत मेंढरं बसवतात आणि पावसाच्या तोंडाला परत फिरतात. त्यांतला हा एक. शनिवार होता, सकाळची शाळा सुटून मी बाईंकडं बसले होते. मायाप्पा पायरीखालीच उभा राहिला. आत या म्हटलं तरी येईना.

"आवं, तुमच्यात एक नाव हाय म्हनं," तो पाळकसाहेबांना म्हणाला. "ते घेतलं की दुखणं जातंय. मला सांगा की. मी घेतो दिसभर. मेंढरांमागं तोंड रिकामंच असतंय."

पाळकसाहेबांनी विचारलं, "कुणाचं दुखणं?"

"पोरीचं."

"नाव काय तिचं?"

"बानू."

"कुठाय ती?"

"पालावर. आई बसलीया जवळ. अंगाची लाही झालीया. सकाळधरनं डोळं फिरवतीया."

पाळकसाहेब उठलेच. बुटांच्या नाड्या बांधल्या नाहीत. "आन् तू हितं नाव इचारत बसलाईस? चल."

"पर नाव?"

"वाटंत सांगतो."

वाटेत काही त्यांनी सांगितलं नाही. शमुवेलची रिक्षा बोलावली, पालावर जाऊन पोरीला उचललं आणि कराडला सरकारी दवाखान्यात नेलं. ते थेट सोमवारी सकाळी परतले. मधल्या रविवारची उपासना सेक्रेटरींनीच कशीबशी चालवली. पोरीच्या मेंदूपर्यंत ताप गेला होता, वेळेवर आणली म्हणून निभावलं असं डॉक्टर म्हणाले होते. पाळकसाहेबांनी दोन रात्री वॉर्डाबाहेरच्या जिन्यावर मायाप्पाशेजारी बसून काढल्या होत्या. घरी आले तेव्हा पाय बुटांतून निघेनात. बाईंनी कात्रीनं एका बुटाचं कापड कापलं. मग पाणी जरा जास्त तापवलं.

आठवड्याभरानं मायाप्पा किटलीत शेळीचं दूध घेऊन आला. या वेळी पायरी चढून आला.

"ते नाव सांगतो म्हनला हुता."

"येशू," पाळकसाहेब म्हणाले.

मायाप्पानं ते तोंडातल्या तोंडात एकदा म्हणून बघितलं. "मंजी काय?"

"मंजी, देव वाचवतो."

त्यानं हातातली किटली खाली ठेवली. मग म्हणाला, "आवं, मग हे नाव कुठं झालं? हे तर काम झालं."

पाळकसाहेब इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं. मी त्यांना एरवी तसं हसताना पाहिलं नाही. थकलेल्या माणसाचं हसूही थकलेलं असतं, ओठांपर्यंत येऊन परत जाणारं. हे तसं नव्हतं. पुढं सेक्रेटरींनी विचारलंच, "तो आला का मग आपल्यात?" तर म्हणाले, "पोर तिच्या आईच्या मांडीवर परत आली. आणखी काय पायजे?" मायाप्पा त्याच्या बिरोबाला धरून राहिला आणि त्याबद्दल पाळकसाहेबांना काही म्हणायचं नव्हतं. पण ते वाक्य त्यांनी जपलं. कुठल्याही उपदेशात, विषय काहीही असो, ते येई. हे नाव नाही, हे काम आहे. कारखान्यातली मंडळी एकमेकांना ढोसत, 'आलं बघ धनगराचं.'

पुढं त्यांची बदली सांगलीला झाली. त्याआधी लग्न होऊन मी तिथंच आले होते, त्यामुळं संबंध तुटला नाही. सांगलीचं चर्च मोठं. माईक, पडद्यावर गाण्याच्या ओळी, मोबाईलवर मंडळीचा ग्रुप. वाटलं होतं, इथं तरी एस.टी.ची पायपीट सुटेल आणि त्यांना जरा आराम मिळेल. पण सांगलीला आल्यावर बाईंचं सुरू झालं.

आधी आमटीत दोनदा मीठ. मग बाजारात गेल्या आणि घर सापडेना. भाजीवालीनं गळ्यातला क्रूस बघून चर्चमध्ये आणून सोडलं. डॉक्टरांनी मेंदूचे फोटो काढले आणि हे वाढतच जाणार, असं सांगितलं. पाळकसाहेबांनी ऐकून घेतलं. परतताना रिक्षात म्हणाले, "लगीन झाल्यापासनं तिनं माझ्या खाण्याचं, कपड्याचं, औषधाचं ध्यान ठेवलं. आता तिचं डोकं दमलं. दमणारच."

हळूहळू बाईंच्या मनातून माणसांची नावं गळायला लागली. मुलीचं, जावयाचं, माझं. आणि एक दिवस मी गेले तर आतून हाक आली, "दौलत! ए दौलत! म्हशीला पाणी दाखवलंस का?"

मी दारातच थबकले. ज्या बाईनं जन्मात नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं, ती त्याला खडसावून हाक मारत होती. बाईंना एक धाकटा भाऊ होता, लहानपणीच गेलेला. पाळकसाहेबांना त्या तोच समजत होत्या. नाव मात्र नवऱ्याचं घेत होत्या. काय कशात मिसळलं होतं कोण जाणे.

"दाखवलं, अक्का," स्वयंपाकघरातून पाळकसाहेब म्हणाले.

मग बाहेर येऊन, मी काही बोलायच्या आत, "बघ, शेवटाला घेतलं का न्हाई नाव? उखाण्याबिगर." चेहऱ्यावर खराखुरा आनंद होता. तो आनंदही दोन-तीन महिनेच टिकला. मग तेही नाव गेलं.

मंडळीत रणपिसे नावाचे एक वडीलधारे गृहस्थ होते. माणूस मनानं चांगला. त्यांचा गुडघा कुठल्याशा प्रचारकाच्या सभेत बरा झाला होता, निदान त्यांचा तसा विश्वास होता. पाळकीणबाईंची अवस्था त्यांना बघवेना. एका दुपारी ते त्या तरुण प्रचारकाला घेऊनच आले. बरोबर आणखी दोघी-तिघी. मी तिथं बाईंचे केस विंचरत होते. पाळकसाहेबांना त्यांनी आधी विचारलं नव्हतं, पण दारात आलेल्याला परत पाठवणं साहेबांच्या स्वभावात नव्हतं. प्रार्थनाच करायची म्हणतायत, करू देत, असं म्हणून ते खाटेच्या कडेला बसले.

प्रचारकानं बाईंच्या डोक्यावर हात ठेवला आणि आवाज चढवत नेला. "येशूच्या नावाने! निघ! येशूच्या नावाने मी तुला हुकूम करतो!" बरोबरच्या बायाही मोठ्यानं तेच म्हणायला लागल्या. खोली लहान. ते नाव भिंतींवर आपटून परत येत होतं. बाईंनी आधी माझ्याकडं बघितलं, मग दाराकडं. त्यांना वाटलं असावं, भांडण चाललंय आणि ते त्यांच्यावरूनच. त्यांनी दोन्ही हातांनी कान झाकले आणि अंग चोरत चोरत माझ्या पोटाशी शिरल्या. प्रचारकाला वाटलं, आतलं काहीतरी हलतंय. त्यानं आवाज आणखी चढवला. बाई रडायला लागल्या. लहान पोर रडतं तशा, तोंड उघडं टाकून.

पाळकसाहेब उठले. त्यांनी त्या तरुणाचं मनगट धरून हात बाईंच्या डोक्यावरून उचलला.

"बास."

"पाळकसाहेब, विश्वास ठेवा, त्या नावात सामर्थ्य..."

"मला ठाऊक हाय काय हाय ते. म्हणूनच सांगतो." त्यांचा आवाज चढला नव्हता, पण मनगट सोडलं नव्हतं. "माझ्या घरात त्या नावाला कुणी भ्यायचं न्हाई."

सगळे निघून गेल्यावर पाळकसाहेब बाईंजवळ बसले आणि बराच वेळ त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. त्यांनी प्रार्थना म्हटली नाही.

ही गोष्ट दुसऱ्या दिवशी मंडळीभर झाली. पाळकाचाच विश्वास उडाला, तर मेंढरांनी काय करायचं, असं कुणी ग्रुपवर टाकलं. कुणी वरपर्यंत तक्रार करायची भाषा केली. रणपिसे साहेबांना भेटेनासे झाले. पाळकसाहेबांनी स्वतःची बाजू मांडली नाही. घरी बाईंचं सगळं करायचं, चर्चमध्ये उपासना चालवायची, आजाऱ्यांच्या भेटी घ्यायच्या. मला ते त्या दिवसांत ओझ्याच्या बैलासारखे दिसत. ओझं किती, हे विचारण्यात अर्थ नव्हता. चालायचं होतंच.

आणि मग नाताळच्या आधीची ती दुपार. मी आणि पाळकसाहेब वाटाणे सोलत होतो. बाई खिडकीशी बसल्या होत्या. बाहेर कुणाच्या तरी घरी नाताळची गाणी लावलेली होती आणि त्यांत ते नाव पुन्हा पुन्हा येत होतं. बाई ऐकत होत्या. मग वळून अगदी सहज, शेजारच्या घरी कोण पाहुणा आलाय असं विचारावं तसं म्हणाल्या, "हा येशू कोण?"

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. रोज पहाटे उठून गुडघ्यावर बसणारी बाई. आम्हा सगळ्या बायकांना प्रार्थना शिकवणारी.

पाळकसाहेब म्हणाले, "आपला."

"आपला व्हय?" बाई म्हणाल्या आणि पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागल्या.

पाळकसाहेब उठून मागच्या अंगणात गेले. बराच वेळ आले नाहीत म्हणून मी बघायला गेले, तर ते धुण्याच्या दगडावर बसले होते. मला म्हणाले, "एस्तेर, मी आयुष्यभर काय सांगितलं? जो त्याचं नाव घेऊन हाक मारंल, तो तारला जाईल. किती मयतांवर सांगितलं. आता हिला हाकच मारता येत न्हाई. नावच न्हाई हिच्याजवळ. मग काय सांगू मी?"

मी त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिले.

नाताळची उपासना त्यांनी दुसऱ्या पाळकांकडून करून घेतली. ताप आहे, असं कळवलं. ताप नव्हता. पण नवीन वर्षाच्या पहिल्या दिवसाची उपासना त्यांनाच करावी लागली, कारण दुसरं कुणी मोकळं नव्हतं. त्या दिवशी आमच्यात येशूच्या नामकरणाची आठवण करतात. नाताळपासूनचा आठवा दिवस. बाईंना मी दुसऱ्या बाकावर घेऊन बसले होते. तक्रारवाले सगळे हजर होते. रणपिसे पार मागं, दाराजवळ.

पाळकसाहेब उभे राहिले. कागद आणला नव्हता. दोन्ही हातांनी समोरचं लाकूड धरलं होतं आणि पहिल्यांदाच व्यासपीठावर त्यांच्या भाषेची इस्त्री मोडली.

"आपल्या गावाकडं बारशाला आत्या पोराच्या कानात नाव सांगती," ते म्हणाले. "पोराला काय कळतं? काय न्हाई. ते आपलं पाळण्यात पाय हालवत पडलेलं असतं. ह्या दिवशी आपल्या तारणाऱ्याचं असंच नाव ठेवलं. आईबापांनी हाक मारली, येशू. त्यानं बघितलं का? न्हाई. त्याला ठाऊकच नव्हतं की हे आपलं नाव. मरिया हाका मारत असंल आणि जगाचा तारणारा भलतीकडंच बघत असंल. कितीतरी महिने तो त्याच्या स्वतःच्या नावाला ओ देत नव्हता."

कुणीतरी हसलं. तेही किंचित हसले.

"मला सांगा, त्या महिन्यांत तो तारणारा नव्हता का? नाव ठाऊक नव्हतं तरी होताच. देव आपल्याकडं आला तो असा. नाव विसरलेला न्हाई, नाव अजून ठाऊकच नसलेला. ज्यांच्यापाशी कुठलंच नाव न्हाई, त्यांच्यात तो पहिला जाऊन बसला."

मग त्यांनी बाईंकडं बघितलं.

"माझी बायको त्याचं नाव विसरलीया. तुमच्यातल्या कुणी ते मला हळू विचारलं, कुणी मोठ्यानं. व्हय, विसरली. मला लय भ्या वाटलं. मला वाटलं, हिनं धरलेली दोरी हिच्या हातनं सुटली. आता कळतंय, दोरी हिनं धरलीच नव्हती. वरनं धरलीया. तिचं नाव त्याला ठाऊक हाय. सुशीला. तो विसरायचा न्हाई. आपल्याला नाव दिलंय ते हाक मारायला, पण तारण आपल्या हाकेत न्हाई, त्याच्या ओ देण्यात हाय. आणि आई पोराला ओ देती तवा पोरानं हाक मारलेली असतीच असं न्हाई."

एवढंच बोलून ते खाली बसले. उपदेश पाच-सात मिनिटांचाही नव्हता. बाई माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, "ते म्हातारं चांगलं बोललं हो."

मंडळी बाहेर पडत असताना रणपिसे तिथंच दाराशी उभे राहिले. पाळकसाहेब जवळ आल्यावर त्यांनी नुसता हात पुढं केला. त्या आठवड्यापासून ते रोज संध्याकाळी बाईंजवळ येऊन बसायला लागले, म्हणजे पाळकसाहेबांना भेटींना बाहेर पडता यावं. बाई त्यांना भाजीवाला समजायच्या आणि भाव पाडून मागायच्या. रणपिसे गंभीर चेहऱ्यानं म्हणायचे, "न्हाई परवडत, बाई." असं बरेच महिने चाललं. तक्रार कुणी केली नाही.

पावसाळ्यात बाई गेल्या. झोपेतच. मयताच्या उपासनेत पाळकसाहेब आम्हा सगळ्यांत बसले होते, झगा न घालता. कबरीत माती लोटताना त्यांना खाली वाकता येईना. रणपिसेंनी मूठभर माती उचलून त्यांच्या हातात दिली. घरी परतताना वाटेत ते मला म्हणाले, "आता तिला समदं आठवत असंल. माझ्या तक्रारी सांगत असंल." वर्षभरात निवृत्त झाले आणि माधवनगरला मुलीकडं राहायला गेले.

गेल्या उन्हाळ्यात मी त्यांना शेवटची भेटले. तिथल्या जुन्या गिरणीच्या मागच्या गल्लीत मुलीचं घर. दुपारचं ऊन रणरणत होतं. ते खाटेवर पडून होते, फार खंगलेले. मला ओळखलं. शाळेचं विचारलं, माझ्या मुलीचं विचारलं, पंख्याच्या आवाजाबद्दल कुरकुर केली. बोलताना मध्येच दम लागायचा, मग हातानं खूण करून थांबायला सांगायचे.

निघायची वेळ झाली तशी मी म्हटलं, "साहेब, प्रार्थना करा."

"आता तू कर," ते म्हणाले. "मी ऐकतो."

मी कधी त्यांच्यासमोर मोठ्यानं प्रार्थना केली नव्हती. खुर्ची जवळ ओढली, त्यांचा हात हातात घेतला आणि डोळे मिटून सुरुवात केली. त्यांच्या दुखण्यासाठी, मुलीच्या घरासाठी, उंब्रजच्या मंडळीसाठी. मग जे जे सुचलं त्या सगळ्यांसाठी. आधी ते प्रत्येक वाक्याला हुंकार देत होते. मग हुंकार लांब लांब झाले. मग आलेच नाहीत. मी डोळे उघडून बघितलं. श्वास संथ चालला होता, तोंड किंचित उघडं, कपाळावरच्या आठ्या उलगडलेल्या. प्रार्थना संपायची वाट न बघता ते गाढ झोपले होते.

मुलगी सरबत घेऊन दारात आली. मी तिला हातानंच थांबवलं. प्रार्थना अर्ध्यावर सोडली नाही, फक्त आवाज उतरवत नेला, आणि शेवटी ते नाव तर नुसतं ओठांतच घेतलं. मग त्यांचा हात अलगद चादरीवर ठेवला, पंखा एकवर केला आणि चपला हातात घेऊन बाहेर आले.